नेट स्लो चालतंय? मोठा प्लॅन घेण्याआधी राउटरजवळ उभं राहून स्पीड तपासा

महाडीबीटीवर शिष्यवृत्तीचा फॉर्म भरायचा शेवटचा दिवस. घरात ५० एमबीपीएसचे फायबर कनेक्शन आहे, राउटरचे दिवे चालू आहेत, रिचार्जही संपलेला नाही. तरी उत्पन्नाच्या दाखल्याची पीडीएफ काही केल्या अपलोड होईना. शेवटी मोटारसायकल काढून तालुक्याला जायचे आणि सेतू केंद्राच्या रांगेत उभे राहायचे. वाड्यावस्त्यांवर हे आता नवीन राहिलेले नाही. अशा वेळी कुणी कंपनीला शिव्या घालतो, कुणी महिन्याला दोनशे-तीनशे रुपये जास्त भरून मोठा प्लॅन घेतो. त्याआधी एक काम करायला हवे. दोष घरातल्या वायफायमध्ये आहे की बाहेरून येणाऱ्या लाईनमध्ये, हे तपासायचे. त्याला पैसे लागत नाहीत.

आधी आकड्यांचा घोळ मिटवू. प्लॅनमधला ५० म्हणजे सेकंदाला ५० मेगाबिट. फाईल मात्र मेगाबाइटमध्ये मोजतात, आणि एका बाइटमध्ये ८ बिट असतात. म्हणजे ५० च्या लाईनवर सेकंदाला जास्तीत जास्त सव्वासहा एमबी उतरणार. डाउनलोड करताना ५-६ एमबी दिसले तर फसवणूक झालेली नाही, लाईन बरोबर चालू आहे.

स्पीड टेस्ट केली की तीन आकडे येतात. डाउनलोड सगळे बघतात. फॉर्म भरणाऱ्याला, फोटो पाठवणाऱ्याला महत्त्वाचा असतो तो अपलोड. २ एमबीची पीडीएफ १ एमबीपीएस अपलोडवर १६ सेकंदांत जाते. तोच अपलोड ०.२ वर आला तर ८० सेकंद लागतात, आणि तेवढ्यात सरकारी पोर्टल बऱ्याचदा लॉगआऊट होऊन बसते. तिसरा आकडा पिंगचा. पिंग म्हणजे हाक मारल्यावर ओ यायला लागलेला वेळ, तो मिलिसेकंदात येतो आणि जितका कमी तितका चांगला. व्हिडिओ कॉलवर आवाज तुटत असेल तर डाउनलोड भरपूर असूनही पिंग वरखाली होत असतो.

टेस्टसाठी ट्रायचे मायस्पीड ॲप आहे, स्पीडटेस्ट डॉट नेट आणि फास्ट डॉट कॉमही आहेत. स्पीडटेस्ट आपोआप जवळचा सर्व्हर निवडते, आणि तो कधीकधी तुमच्याच कंपनीचा असतो. मग आकडा छान दिसतो. सर्व्हर बदलून मुंबई किंवा पुण्याचा घ्या आणि पुन्हा बघा. फास्ट डॉट कॉमवर आधी फक्त डाउनलोड दिसतो, अपलोडसाठी खालचे अधिक माहितीचे बटण दाबावे लागते. मोबाईल डेटावर या टेस्ट सारख्या करू नयेत, वेगवान नेटवर एका टेस्टला शंभर एमबीसुद्धा जातात.

आता खरी तपासणी. घरातले टीव्ही, बाकीचे मोबाईल नेटवरून काढा. राउटरपासून पाच-सहा फुटांवर उभे राहून टेस्ट करा. लॅपटॉप असेल तर लॅन केबल लावून केलेली टेस्ट सगळ्यात खात्रीची. मग पोरं जिथे अभ्यासाला बसतात त्या खोलीत जाऊन तीच टेस्ट करा. राउटरजवळ ४५ आणि आतल्या खोलीत ४, असे आले तर लाईन ठणठणीत आहे. दोष घरात आहे, आणि १०० चा प्लॅन घेतला तरी आतली खोली बहुतेक तशीच राहणार.

आपल्याकडे हे जास्त होते, कारण वायर जिथून आत आली तिथेच राउटर टांगलेला असतो. खाली लोखंडी कपाट, पलीकडे दीड-दोन फुटांची दगडी भिंत, मागे पत्र्याचे शेड. लोखंड आणि पत्रा वायफाय अडवतात, जाड भिंत त्याला दमवते. बहुतेक नव्या राउटरवर २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ अशी दोन नावे दिसतात. ५ वेगवान, पण भिंतीपलीकडे लवकर मरते. २.४ हळू, पण लांब जाते. राउटरजवळ ५ वापरा, आतल्या खोलीत २.४. त्यानेही भागले नाही तर राउटर घराच्या मध्यावर, उंचावर आणा. आणि मोबाईलवर वायफायचे चिन्ह फुल दिसले म्हणून नेट आहेच असे समजू नका. ते चिन्ह मोबाईल आणि राउटर यांच्यातला सिग्नल किती जोरदार आहे ते सांगते, पुढच्या लाईनचे काही सांगत नाही.

राउटरजवळही वेग कमीच आला तर सकाळी, दुपारी आणि रात्री नऊच्या सुमारास, अशा दोन-तीन दिवस टेस्ट करा. फक्त रात्री पडत असेल तर गावात सगळे एकाच वेळी नेटवर आहेत आणि कंपनीची लाईन पुरत नाही. दिवसभर पडलेला असेल तर आधी डेटाची मर्यादा बघा. अनलिमिटेड म्हणून विकलेल्या प्लॅनलाही मर्यादा असते, ती संपली की काही प्लॅनचा वेग थेट २ किंवा ४ एमबीपीएसवर येतो. मर्यादा शिल्लक असेल तर वायर बघा. फायबर कोपऱ्यात दुमडली की प्रकाश गळतो. उसाच्या ट्रॉलीने वायर ओढली जाणे तर हंगामात नेहमीचेच. डब्यावर लॉसचा लाल दिवा लागला असेल तर सिग्नलच येत नाही. तिथे राउटर बंद-चालू करून उपयोग नाही.

तक्रार करताना "नेट स्लो आहे" एवढेच सांगितले तर "राउटर रिस्टार्ट करा" हेच उत्तर मिळते. राउटरजवळ घेतलेल्या टेस्टचे स्क्रीनशॉट तारीख-वेळेसह ठेवा आणि तक्रार नोंदवताना डॉकेट नंबर मागून घ्या. सरकारच्या २०२३ च्या व्याख्येनुसार किमान २ एमबीपीएस डाउनलोड असेल तरच त्याला ब्रॉडबँड म्हणता येते, आधी ही मर्यादा ५१२ केबीपीएस होती. तक्रार सुटली नाही तर त्याच कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडे डॉकेट नंबर देऊन अपील करता येते, त्याला फी नाही. ट्राय एकेका ग्राहकाची तक्रार स्वतः सोडवत नाही, त्यामुळे थेट तिकडे अर्ज पाठवून महिना घालवू नये.