पडलेल्या उमेदवाराचा हिशोब

ग्रामपंचायतीचा निकाल लागतो, गुलाल उधळून होतो, आणि दुसऱ्या दिवसापासून पडलेल्या उमेदवारांच्या तोंडी एकच वाक्य असतं: "आपण तर पडलो, आता कसला हिशोब द्यायचा?" बुलढाणा जिल्ह्याच्या मेहकर तालुक्यात जानेफळसारख्या मोठ्या गावात काय किंवा चारदोन वस्त्यांच्या लहान पंचायतीत काय, हे वाक्य बदलत नाही. ते बोलणारा माणूस अडाणी असतो असंही नाही. तीन-तीन निवडणुका लढवलेले, पॅनल चालवणारे, तहसीलच्या पायऱ्या झिजवलेले लोक ते छातीठोकपणे सांगतात आणि नव्या उमेदवाराला तोच सल्ला देतात. सल्ला साफ चुकीचा आहे. महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम १४ ब मध्ये जिंकलेला आणि हरलेला असा फरकच केलेला नाही. निवडणूक लढवलेल्या व्यक्तीने राज्य निवडणूक आयोगाने ठरवलेल्या मुदतीत आणि ठरवलेल्या पद्धतीने खर्चाचा हिशोब दिला नाही, आणि त्यामागे पटण्याजोगं कारणही नसलं, तर आयोग तिला पाच वर्षांसाठी अपात्र ठरवू शकतो. मुदत निकालाच्या तारखेपासून ३० दिवसांची. जिल्हा परिषद आणि पंचायत समितीच्या कायद्यात हीच तरतूद कलम १५ ब म्हणून आहे.

या समजुतीमागे एक तर्क आहे आणि तो वरवर पटतोही. अनामत जप्त झाली, खुर्ची मिळाली नाही, मग सरकारचं आपल्याकडे काय राहिलं? पण खर्चाची मर्यादा शर्यतीला असते. एका उमेदवाराने मर्यादेच्या चौपट पैसा ओतला आणि तरीही तो पडला, तर त्याच्या पैशाने इतरांची मतं फिरलेली असतात, निकाल फिरलेला असतो. म्हणून हिशोब सगळ्यांचा मागितला जातो. बिनविरोध निवडून आलेल्यानेही तो द्यायचा आणि "आपला एक रुपया खर्च झाला नाही" म्हणणाऱ्यानेही. खर्च शून्य असेल तर शून्य लिहून द्यायचं, पण कागद द्यायचा. आता तर त्यासाठी आयोगाचं 'ट्रू व्होटर' हे मोबाइल ॲपही आहे, त्यामुळे तहसीलला चकरा माराव्या लागतात ही सबबही फारशी टिकत नाही.

शिक्षेचा काटा कुठे टोचतो हे न कळल्यामुळेही लोक बेफिकीर राहतात. पडलेल्या माणसाचं पद जाण्याचा प्रश्नच नसतो, म्हणून त्याला वाटतं आपलं काय बिघडणार. पण पाच वर्षं मोजली जातात ती अपात्रतेच्या आदेशाच्या तारखेपासून, आणि आदेश काही निकालाच्या पुढच्या महिन्यात निघत नाही. नोटीस, खुलासा, सुनावणी यांत बरेच महिने जातात. म्हणजे आज पडलेल्या उमेदवाराची अपात्रता नेमकी पुढच्या निवडणुकीवर येऊन बसते. अर्ज भरायला गेल्यावर, छाननीच्या टेबलावर, त्याला आपलं नाव अपात्रांच्या यादीत आहे हे कळतं. तोवर प्रतिस्पर्ध्याने ती यादी वाचून ठेवलेली असते.

यावर हमखास येणारा प्रतिप्रश्न असा की खर्च पॅनलने केला, पावत्या पॅनलप्रमुखाकडे, मग उमेदवाराने काय द्यायचं? प्रश्न रास्त आहे, आणि इथेच कायद्याची खरी उणीव दिसते. ग्रामपंचायतीची निवडणूक पक्षाच्या चिन्हावर होत नाही. गावात जे पॅनल उभं राहतं, ज्याच्या नावाचा बॅनर लागतो, ज्याचा भोंगा फिरतो, ज्याच्या मळ्यात जेवणावळ उठते, ते पॅनल कायद्याच्या कागदावर नावालाही नसतं. आयोगाला दिसतो तो फक्त उमेदवार. सात किंवा सतरा उमेदवारांचा एकत्र खर्च झाला तर प्रत्येकाने आपला वाटा आपल्या हिशोबात दाखवायचा असतो, पण पावती एकाच्याच खिशात असते. राखीव प्रभागात जागा भरायची म्हणून जी बाई किंवा जो तरुण उभा केला जातो, त्याने भोंग्याच्या गाडीचं भाडं किती ठरलं हे कधी विचारलेलंही नसतं. अर्ज भरताना अनामतीचे पाचशे, किंवा राखीव जागेसाठी शंभर रुपयेही दुसऱ्यानेच भरलेले असतात. निकालानंतर पॅनलप्रमुख मोकळा होतो. नोटीस मात्र त्या बाईच्या नावाने निघते. निम्म्या जागा महिलांना राखीव असलेल्या राज्यात या नोटिसांचा भार कुणावर पडत असेल, हे सांगायला वेगळी आकडेवारी नको. म्हणून उमेदवाराने आपल्या वाट्याच्या पावत्यांची प्रत प्रचार संपायच्या आतच मागून घ्यावी. निकालानंतर कुणी फोन उचलत नाही.

दुसऱ्या टोकाला गेलेला गैरसमजही आहे. हिशोब एक दिवस उशिरा गेला की पाच वर्षं गेलीच, आता काही इलाज नाही, असं समजून काही जण नोटिशीला उत्तरच देत नाहीत. नांदेड जिल्ह्यातल्या ग्रामपंचायतीचं एक प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं होतं: लक्ष्मीबाई विरुद्ध नांदेडचे जिल्हाधिकारी, निकाल फेब्रुवारी २०२०चा. आयोगाने आपला अधिकार जिल्हाधिकाऱ्यांकडे सोपवणं वैध आहे, असं न्यायालयाने त्यात मान्य केलं. पण पाच वर्षं ही शिक्षा डोळे मिटून सगळ्यांना सारखी ठोकता येणार नाही. कसूर किती गंभीर आहे ते पाहून कालावधी ठरवावा, असंही सांगितलं. शिवाय कलम १४ ब मध्येच अपात्रता काढून टाकण्याचा किंवा तिचा काळ कमी करण्याचा अधिकार आयोगाला दिलेला आहे. तेव्हा नोटीस आली की गप्प बसणं हा सगळ्यात वाईट पर्याय. उशिराचं कारण दवाखान्याच्या कागदासारख्या पुराव्यासह लेखी द्यावं, हिशोब सोबत जोडावा आणि सुनावणीला हजर राहावं.

आता जाणता वाचक विचारेल: कागद दिला की सुटका होते, मग त्या कागदावर खोटं लिहिलं तर? आक्षेप खरा आहे आणि त्याला चिडून उत्तर देऊन भागत नाही. हिशोबाची वेळ आणि नमुना तपासणं सोपं असतं, त्यातलं खरंखोटं तपासणं अवघड. महाराष्ट्रातलं याचं सगळ्यात गाजलेलं उदाहरण भोकरचं. ऑक्टोबर २००९च्या विधानसभा निवडणुकीत अशोक चव्हाण तिथून निवडून आले. त्यांच्या कौतुकाची पानंच्या पानं वर्तमानपत्रांत छापून आली होती. ती पैसे देऊन छापलेली होती आणि तो खर्च हिशोबात दाखवला नाही, अशी तक्रार पराभूत उमेदवार माधवराव किन्हाळकर यांनी केली. चव्हाणांनी आरोप नाकारला. भारत निवडणूक आयोगाला फक्त हिशोब वेळेत आला का एवढंच पाहता येतं की तो खरा आहे का हेही पाहता येतं, या एका प्रश्नावर खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोचला. ५ मे २०१४ रोजी न्यायालयाने सांगितलं की खरेपणाही तपासता येतो. तत्त्व म्हणून हा मोठा निकाल. त्यावर आयोगाने जुलै २०१४ मध्ये हिशोब योग्य नसल्याचं ठरवून चव्हाणांना नोटीस काढली, आणि सप्टेंबरमध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने आयोगाचा तो आदेश रद्द केला. पुढच्या महिन्यात राज्यात विधानसभेची नवी निवडणूकही झाली. एका हिशोबाचा वाद त्या विधानसभेच्या संपूर्ण मुदतीला पुरला. तरी "आयोग खोट्या हिशोबावर कधीच काही करत नाही" हेही धरून चालता येत नाही. उत्तर प्रदेशात बिसौलीच्या आमदार उमलेश यादव यांना अशाच छापील मजकुराच्या खर्चावरून आयोगाने ऑक्टोबर २०११ मध्ये तीन वर्षांसाठी अपात्र ठरवलं होतं. पण त्यांची निवडणूक होती २००७ची. कारवाई झाली तेव्हा विधानसभेची मुदत संपत आली होती.

गावपातळीवर ही अडचण आणखी विचित्र होते. ग्रामपंचायतीच्या निकालाला आव्हान द्यायचं तर कनिष्ठ स्तर दिवाणी न्यायाधीशाकडे १५ दिवसांत अर्ज करावा लागतो. खर्चाचा हिशोब द्यायची मुदत मात्र ३० दिवसांची. म्हणजे विजयी उमेदवाराने खर्च किती आणि कसा दाखवला हे कागदावर येईपर्यंत दरवाजा बंद झालेला असतो. विधानसभा-लोकसभेला हिशोब ३० दिवसांत आणि उच्च न्यायालयातली निवडणूक याचिका ४५ दिवसांत, म्हणजे निदान पंधरवडा तरी हाती राहतो. ग्रामपंचायतीच्या मतदाराला तेवढाही नाही. ही दोन मुदतींची गाठ कुणी मुद्दाम अशी मारली असेल असं वाटत नाही, पण ती सोडवण्याची घाईही कुणाला दिसत नाही. हिशोब न ठेवण्याबद्दलचा फौजदारी दंड पाहिला की घाई का नाही ते कळतं. १९२० साली दंडसंहितेत हे कलम आलं तेव्हा कमाल दंड ५०० रुपये होता. शंभर वर्षांहून अधिक काळ तो तसाच राहिला आणि जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत ५,००० झाला.

असं असूनही हिशोबाचा कागद निरुपयोगी ठरत नाही. विधानसभेच्या उमेदवाराच्या नोंदवहीची पानं तीन रंगांची असतात: रोजच्या खर्चाला पांढरी, रोखीला गुलाबी, बँकेला पिवळी. प्रचारकाळात ती निदान तीन वेळा तपासून घ्यावी लागते. दुसरीकडे खर्च निरीक्षकाची माणसं सभांचं चित्रीकरण पाहून आपली वेगळी छाया नोंदवही भरत असतात. खुर्ची, मंडप, चहा, वडापाव, फेटा, भोंगा, जीप या सगळ्यांचे दर जिल्हा निवडणूक अधिकाऱ्याने पक्षांशी बोलून आधीच ठरवलेले असतात, त्यामुळे "मंडप मित्राने फुकट दिला" म्हटलं तरी तो दरपत्रकाप्रमाणे खर्चात धरला जातो. दोन वह्यांमध्ये फरक निघाला की उमेदवाराला खुलासा मागतात. आणि लोकसभा-विधानसभेचा दाखल झालेला हिशोब एक रुपया शुल्क भरून कुणालाही पाहता येतो. बुलढाण्याला जिल्हाधिकारी कार्यालयात जाऊन तो पाहणारे किती निघतात, हा प्रश्न मात्र कायद्याला विचारता येत नाही.

बाकीच्या समजुतींना इतकी जागा देण्याचं कारण नाही. विधानसभेची ४० लाखांची मर्यादा जिल्हा परिषदेलाही लागू असते असं म्हणणारे भेटतात, नसते. लोकसभा-विधानसभा भारत निवडणूक आयोगाकडे, ग्रामपंचायतीपासून महापालिकेपर्यंतच्या निवडणुका राज्य निवडणूक आयोगाकडे, आणि मर्यादा दोघांच्या वेगळ्या. २०१७च्या आदेशात सात ते नऊ सदस्यांच्या पंचायतीत सदस्याला २५ हजार, अकरा ते तेरामध्ये ३५ हजार आणि पंधरा ते सतरामध्ये ५० हजार अशी मर्यादा होती. हे आकडे बदलतात, म्हणून निवडणूक लागली की तहसीलमधून ताजा आदेश मागून घ्यावा. मर्यादा ओलांडली की आमदारकी आपोआप जाते, हेही खरं नाही; याचिका करून तो भ्रष्ट आचार सिद्ध करावा लागतो. पक्षाचा सगळा खर्च उमेदवाराच्या ४० लाखांत येतो ही समजूत तर उलटीच आहे. उमेदवारासाठी पक्षाने केलेला खर्च उमेदवाराच्या हिशोबात धरावा, असं सर्वोच्च न्यायालयाने १९७४ मध्ये कंवरलाल गुप्ता खटल्यात म्हटलं होतं, पण संसदेने लगेच कायदा बदलून ते पुसलं. २००३ च्या दुरुस्तीनंतर पक्षाच्या सर्वसाधारण प्रचाराचा आणि स्टार प्रचारकांच्या प्रवासाचा खर्च बाहेर ठेवला जातो, आणि पक्षाच्या स्वतःच्या खर्चाला आजही कमाल मर्यादा नाही. स्टार प्रचारकाबरोबर उमेदवार मंचावर बसला तर सभेच्या खर्चाचा वाटा मात्र त्याच्या नावावर पडतो.

मतदारांना वाटलेले पैसे "इतर खर्चा"त घालता येतात असं गमतीने म्हटलं जातं. ती लाच आहे, तिला एक वर्षापर्यंत कैद आहे. जेवणावळीच्या रूपाने दिलेल्या लाचेला मात्र कायद्यात फक्त दंड आहे, आणि हे कलम माहीत नसलेला पॅनलप्रमुख सापडणं कठीण. शेवटचा गैरसमज शेतकऱ्यांना त्रास देणारा आहे: आचारसंहितेत ५० हजारांहून जास्त रोकड जवळ बाळगणं हा गुन्हा. तो गुन्हा नाही. २०२४ची विधानसभा निवडणूक २० नोव्हेंबरला झाली, म्हणजे ऐन सोयाबीनच्या पैशाच्या दिवसांत. मेहकर किंवा खामगावच्या बाजारातून जानेफळला परतणाऱ्या माणसाजवळ आडत्याची पट्टी असेल आणि पैशाचा निवडणुकीशी संबंध दिसत नसेल, तर ती रक्कम अडवून ठेवण्याचं कारण नाही. तरीही तपासणी पथकाने ती घेतलीच, तर तिथेच पावती मागावी. जप्त रकमेबद्दलच्या तक्रारींसाठी जिल्ह्यात तीन अधिकाऱ्यांची समिती असते, तिच्यात जिल्हा परिषदेचे मुख्य कार्यकारी अधिकारी आणि जिल्हा कोषागार अधिकारी बसतात, आणि अर्जासोबत ती पट्टी जोडली की बहुतेक काम झालेलं असतं.