पिन टाकताच वार कसा कळतो?

मैंदर्गीतून मोबाईलवर चादर मागवताना पिनकोड टाकला, की ‘गुरुवारपर्यंत मिळेल’ असं लगेच उमटतं. विक्रेत्याने कुणालाही फोन केलेला नसतो. हे काम शिपरॉकेटसारख्या कंपन्यांचं सॉफ्टवेअर करतं. श्रीराम भिकाजी वेलणकरांनी आखलेले, १९७२ पासून टपालाला वाट दाखवणारे सहा आकडे ते वेगवेगळ्या कुरिअरांच्या याद्यांशी ताडून बघतं: या गावापर्यंत कोण जातं, दर काय, आधी किती दिवस लागले?

मग दर ठरवायला लागतं वजन. गंमत म्हणजे, इथे एकटा काटा ठरवत नाही. एसटीच्या टपावर कापसाचं गाठोडं जागा अडवतं, तसंच फुगलेलं खोकं कुरिअरच्या गाडीत. म्हणून लांबी-रुंदी-उंचीवरूनही वजन काढतात आणि जे जास्त भरेल त्याचे पैसे लावतात. घट्ट घडीच्या चादरीपेक्षा तेवढ्याच वजनाच्या उशांना भाडं जास्त पडतं ते यामुळेच.