दुखणं एक, पण भेटायला बंदी

मोठ्या दुखण्यात माणसाला एक गोष्ट न मागता मिळते. ती म्हणजे सोबत. डायलिसिसला शेजारच्या खाटेवर असणाऱ्याशी ओळख होते, केमोच्या रांगेत फोन नंबर दिले-घेतले जातात, मधुमेही मुलांची तर शिबिरं भरतात. ‘तुलाही असंच होतं का?’ असं विचारायला समोर कुणीतरी असतं. सिस्टिक फायब्रोसिस, म्हणजे सीएफ, असलेल्या मुलामुलींना एवढंही सुख नाही. सीएफ असलेल्या दोघांनी एका खोलीत बसायचं नाही, हा त्यांच्या काळजीचाच भाग आहे. तोही ऐन चौदाव्या-पंधराव्या वर्षी, जेव्हा आईबापांपेक्षा दोस्तमंडळी जवळची वाटतात.

आजार जन्मजात आहे. सातव्या गुणसूत्रावरच्या सीएफटीआर नावाच्या जनुकात दोष असतो. हे जनुक 1989 मध्ये सापडलं. त्या दोषामुळे पेशींतून क्षार आणि पाणी यांची ये-जा बिघडते. फुफ्फुसातला कफ घट्ट, चिकट होतो, त्यात जंतू ठाण मांडतात. स्वादुपिंडाच्या नळ्या तुंबल्याने अन्न पचत नाही. पोर खात राहतं आणि अंगी काही लागत नाही. घाम इतका खारट की बाळाची पापी घेतली तर ओठांना मीठ लागतं. निदानाची मुख्य चाचणीही घामाचीच. आपल्याकडे हा आजार होतच नाही, असा समज बरीच वर्षं होता. त्यामुळे अशी किती मुलं दमा, न्यूमोनिया किंवा टीबीच्या नावाखाली औषधं घेत राहिली असतील, कोण जाणे.

एकमेकांना भेटण्यावरची बंदी मात्र पहिल्यापासून नव्हती. अमेरिकेत आणि कॅनडात सीएफ असलेल्या मुलांची उन्हाळी शिबिरं भरत. तिथे गोळ्या लपवाव्या लागत नसत, खोकल्याची उबळ आली म्हणून कुणी वळून बघत नसे. मग बर्खोल्डेरिया सेपेशिया नावाचा जिवाणू मध्ये आला. मुळात हा कांदा सडवणारा जंतू, धडधाकट माणसाला सहसा काही करत नाही. सीएफच्या फुफ्फुसात शिरला तर मात्र काही रुग्ण थोड्याच आठवड्यांत दगावतात, हे टोरांटोच्या डॉक्टरांनी 1984 मध्ये नोंदवलं. 1993 मध्ये एडिंबरा आणि मँचेस्टरच्या रुग्णांवरच्या अभ्यासातून आणखी एक गोष्ट पुढे आली: हा जंतू रुग्णांच्या आपसातल्या गाठीभेटींतूनच पसरत होता. शिबिरं बंद पडली. अमेरिकेतल्या सीएफ फाउंडेशनच्या 2013 च्या नियमांप्रमाणे सीएफ असलेल्या दोन व्यक्तींमध्ये किमान सहा फुटांचं अंतर हवं आणि दवाखान्यात तोंडाला मास्क हवा. करोनाच्या काळात आपण सगळ्यांनी जे काही महिने कुरकुरत सोसलं, ते या मुलांचं रोजचं जगणं आहे.

2019 च्या ‘फाइव्ह फीट अपार्ट’ या हॉलिवूडपटाने या अंतराची प्रेमकथा केली. चित्रपट बरा आहे, पण मला वाटतं त्याने चुकीच्या जागी बोट ठेवलं. या मुलांना प्रियकर-प्रेयसीपेक्षा साध्या मैत्रीची वाण जास्त असते. आपल्यासारखंच खोकणाऱ्या, आपल्यासारख्याच कॅप्सूल गिळणाऱ्या एखाद्याची.

त्या कॅप्सूलचंच बघा. स्वादुपिंडातले पाचकरस आतड्यात पोहोचत नाहीत म्हणून प्रत्येक खाण्याबरोबर एन्झाइमच्या कॅप्सूल घ्याव्या लागतात. घरी ठीक आहे. शाळेच्या मधल्या सुट्टीत डबा उघडल्यावर तीन-चार कॅप्सूल तोंडात टाकल्या की बाकावरचे सगळे विचारणार, ‘हे काय गं?’ पहिल्यांदा सांगता येतं. दहाव्यांदा नको वाटतं. मग मुलगी कॅप्सूल दप्तरातच ठेवते आणि मैत्रिणींबरोबर वडापाव खाते. दोन तासांनी पोटात कळ येते, आणि शाळेच्या संडासात जायचं म्हणजे वासाची लाज. वर्गात खोकला दाबून धरायचा, कारण दरवेळी कुणीतरी ‘टीबी आहे का?’ म्हणतंच. घरी आईला वाटतं, पोरगी हट्टी झाली, औषधं चुकवते. आईचंही खोटं नाही. वाफारे, नेब्युलायझर, छातीची फिजिओथेरपी असं सगळं धरून मोठ्या रुग्णांचे दिवसाला जवळपास दोन तास उपचारातच जातात. क्लास, शाळा आणि दहावीचा अभ्यास सांभाळून रोज दोन तास, तेही न चुकता. धडधाकट माणूस तरी किती दिवस करेल? शरीराचंही आहेच. वजन वाढत नाही, वयात यायला उशीर होतो, बरोबरीची पोरं मिसरूड मिरवत असतात तेव्हा हा सहावीतला दिसतो.

यातून मनावर काय परिणाम होतो, याचं मोजमाप युरोपातल्या आठ देशांत आणि अमेरिकेत झालं. सहा हजारांहून अधिक रुग्ण आणि चार हजारांहून अधिक पालक त्यात होते, निष्कर्ष 2014 मध्ये आले. किशोरवयीनांपैकी 10 टक्क्यांमध्ये नैराश्याची लक्षणं होती, 22 टक्क्यांमध्ये चिंतेची. प्रौढांत हेच आकडे 19 आणि 32. सगळ्यात मोठे आकडे मात्र रुग्णांचे नव्हतेच. ते आयांचे होते. 37 टक्के आयांमध्ये नैराश्याची आणि 48 टक्क्यांमध्ये चिंतेची लक्षणं होती. बापही फार मागे नव्हते. ज्या घरात पालक खचलेले, तिथल्या मुलाला नैराश्याची लक्षणं असण्याची शक्यता दुपटीहून जास्त. मुलाच्या मनाचा इलाज करायचा तर तो स्वयंपाकघरात उभ्या असलेल्या बाईपासून सुरू करावा लागेल, असंच हे आकडे सांगतात.

आपल्याकडे त्या बाईच्या वाट्याला आणखी एक गोष्ट येते: ‘आमच्या घराण्यात असलं काही नव्हतं.’ हे वाक्य ऐकवणाऱ्यांनी एवढं समजून घ्यावं की सीएफ व्हायला आई आणि बाप दोघांकडून सदोष जनुक यावं लागतं. दोघंही स्वतः ठणठणीत असतात, आणि प्रत्येक गर्भारपणात मूल आजारी निपजण्याची शक्यता चारात एक असते. मामाच्या मुलीशी लग्न लावण्याची रीत जिथे आहे, तिथे दोघांकडे एकच दोष असण्याचा संभव वाढतो. दोष एकीच्या माथी मारता येत नाही.

मूल विशीत आलं की पुढचा प्रश्न लग्नाचा. सीएफ असलेल्या बहुतेक पुरुषांमध्ये वीर्यवाहिन्याच तयार झालेल्या नसतात, त्यामुळे नैसर्गिकरीत्या मूल होत नाही. शुक्राणू मात्र तयार होतात, आणि आयव्हीएफच्या मदतीने बाप होता येतं. हे मुलाला कधी सांगायचं? बहुतेक घरांत आणि दवाखान्यांतही कुणी सांगतच नाही; पोरगा मोबाइलवर शोधतो आणि अर्धवट वाचून घाबरतो. शिवाय नपुंसकत्व आणि वंध्यत्व यांतला फरक त्याला कुणी समजावलेला नसतो. डॉक्टरांनी हे त्याला एकट्याला बसवून, आईवडिलांना बाहेर थांबवून, सांगायला हवं.

ऑक्टोबर 2019 मध्ये अमेरिकेत ट्रायकाफ्टा या तीन औषधांच्या मिश्रणाला मंजुरी मिळाली आणि तिथल्या तरुण रुग्णांचं आयुष्यच पालटलं. तिशीपलीकडचा विचार न करता वाढलेल्यांना एकाएकी पेन्शन, करिअर, मुलंबाळं यांचा विचार करावा लागला. आनंद होताच, गोंधळही होता. आधी गेलेल्या मित्रांची टोचणीही. औषध सुरू झाल्यावर काहींची झोप आणि मन बिघडल्याच्याही नोंदी आहेत. औषधाची सुरुवातीची किंमत होती वर्षाला 3 लाख 11 हजार डॉलर. भारताच्या 2021 च्या दुर्मीळ आजार धोरणात या वर्गातल्या औषधांसाठी सीएफची नोंद आहे, पण मदतीची मर्यादा 50 लाख रुपये. त्यात वर्षभराचं औषधही बसत नाही, आणि ते घ्यायचं जन्मभर. जगात कुठेतरी आपल्या दुखण्यावर गोळी आहे आणि ती आपल्याला मिळणार नाही, हे ठाऊक असलेल्या सतरा वर्षांच्या मुलाला ‘सकारात्मक राहा’ म्हणणं मला उद्धटपणाचं वाटतं.

त्यापेक्षा करण्याजोगं बरंच आहे आणि ते स्वस्त आहे. वर्गशिक्षकांनी कॅप्सूल आणि पाण्याची बाटली यांना मुभा द्यावी, संडासला जायला परवानगी मागायला लावू नये, मे महिन्याच्या उन्हात मैदानावर जास्तीचं मीठ-पाणी मिळेल असं बघावं. दुसऱ्या गावच्या सीएफ असलेल्या मुलाशी व्हिडिओ कॉल जुळवून द्यावा. तिथे जंतू पोहोचत नाही. आणि मनाची तपासणी. अमेरिका आणि युरोपातल्या तज्ज्ञांनी 2016 मध्ये सांगून ठेवलं आहे की बारा वर्षांवरच्या प्रत्येक सीएफ रुग्णाची, आणि लहानांच्या निदान एका पालकाची, नैराश्य-चिंतेसाठी दरवर्षी चाचणी व्हावी. त्यासाठी पीएचक्यू-9 आणि जीएडी-7 या दोन प्रश्नावल्या वापराव्यात. एकीत नऊ प्रश्न, दुसरीत सात. गेल्या दोन आठवड्यांत झोप कशी होती, भूक कशी होती, कशात रस वाटला का, असे. भरायला दहा मिनिटंही लागत नाहीत, आणि वापरायला पैसे पडत नाहीत. तुमच्या घरात सीएफचं मूल असेल तर पुढच्या तपासणीला डॉक्टरांकडे या प्रश्नावल्या मागा. मुलाची मागाल तेव्हा स्वतःसाठीही एक मागून घ्या. मधल्या काळात कुणाशी बोलावंसं वाटलं तर केंद्र सरकारची टेलि-मानस हेल्पलाइन 14416 या क्रमांकावर चोवीस तास सुरू असते.