'दप्तर' शब्दाचें मूळ व अर्थ

नांदेड-लातूर भागांतील देशपांडे-कुळकर्ण्यांच्या घरीं जुन्या कागदांचीं दप्तरें सांपडतात. शाळेस जाणाऱ्या मुलाच्या खांद्यावरही दप्तरच असतें. हा शब्द फारशींतून मराठींत आला हें सर्वविदित आहे. परंतु फारशी हें त्याचें मूळ माहेर नव्हे.

मूळ शब्द ग्रीक 'दिफ्थेरा', म्हणजे कमावलेलें कातडें. हिरोडोटस सांगतो कीं, आयोनियन ग्रीक पूर्वीं कातड्यांवर लिहीत, म्हणून पपायरसासही ते हेंच नांव देत. पुढें हा शब्द इराणांत जाऊन फारशी-अरबींत 'दफ्तर' झाला व त्याचा अर्थ 'नोंदवही' असा ठरला. तुर्कांनीं तो बाल्कन प्रांतांत नेला. बल्गेरियन व सर्बियन भाषांत 'तेफ्तेर' आणि खुद्द ग्रीकांत 'तेफ्तेरी' या रूपानें तो आजही वहीचाच वाचक आहे. ब्रेतोनो या फ्रेंच वैद्यानें इ. स. १८२६ च्या ग्रंथांत, घशांत कातड्यासारखा पापुद्रा धरणाऱ्या रोगास याच ग्रीक शब्दावरून नांव दिलें. युरोपीय भाषांतील 'डिफ्थेरिया', म्हणजे आपला घटसर्प, तो हाच.

'दबीर' हा शब्द दप्तराचा सोयरा वाटतो. पण त्याचें कूळ प्राचीन इराणी 'दिपि', म्हणजे लेख, हें होय. अशोकाच्या शाहबाजगढी येथील लेखांत 'दिपि' हेंच रूप आहे व आपली 'लिपि' त्याच कुळांतील. दोहोंची गल्लत करूं नये.

मराठी कागदांत दप्तराचे अर्थ चार : नोंदवही, कागदांचा संग्रह, तो बांधलेलें गाठोडें आणि कचेरी. यांपैकीं कोणता घ्यावयाचा हें संदर्भावरून ठरवावें. 'दप्तरीं दाखल' म्हणजे नोंदींत चढविलें. केवळ कचेरींत पोंचलें असें नव्हे. उलट, निजामी अमलांत मराठवाड्याचा महसुली कारभार ज्या 'दफ्तर-ए-दिवानी'कडे असे, तेथें हाच शब्द संपूर्ण खात्याचा वाचक आहे.

या अर्थांत समान धागा एकच : सुटा कागद म्हणजे दप्तर नव्हे. शिक्क्याची सनद तेवढी काढून घेऊन उरलेले ताळेबंद रद्दींत टाकले, तर ती सनद कोणत्या गांवीं, कोणत्या वतनास व किती वर्षें चालली याचा पुरावाच बुडतो. म्हणून संग्राहकांस आमची विनंती आहे कीं, रुमालाची गांठ सोडतांच प्रथम कागदांचा मूळ क्रम टिपून ठेवावा. वाचन मागाहून करावें.