साडेबाराचा मुहूर्त

दुपारचे दोन वाजून दहा मिनिटं झाली होती. दोर्दोन्य नदीकाठच्या एका खेड्यातली खानावळ. अंगणात द्राक्षवेलीच्या मांडवाखाली सात-आठ टेबलं, निम्म्यांवर माणसं निवांत कॉफी पीत बसलेली. आम्ही चौघं, म्हणजे मी, नवरा, नणंद आणि भावोजी, भुकेनं कासावीस होऊन आत शिरलो. मालकीणबाई छान हसल्या, हातातलं फडकं खांद्यावर टाकलं आणि म्हणाल्या, "आ नों, से फिनी." संपलं! भावोजींनी रिकाम्या टेबलांकडे बोट दाखवलं. बाईंनी भिंतीवरच्या घड्याळाकडे दाखवलं.

मग पुढची दोन गावं पालथी घातली. एका गावात बेकरीसुद्धा कुलूपबंद. दुसऱ्यात पेट्रोल पंप होता, पण त्यावर माणूस नव्हता. शेवटी अक्रोडाच्या बागेशेजारी गाडी लावून पुण्याहून नेलेला चिवडा आणि दाण्याची चटणी, असं आमचं फ्रान्समधलं पहिलं दुपारचं जेवण झालं. फ्रेंच जेवणाचं कौतुक ऐकत आपण मोठे झालेलो. पण ते जेवण कधी मिळतं हे कुणी सांगितलं नव्हतं.

ते मिळतं बारा ते दीड. दीडनंतर गेलात तर स्वयंपाकघराच्या मर्जीवर, आणि दोननंतर देवाच्या. रात्रीचं जेवण साडेसातला सुरू होतं आणि खेड्यात नवाच्या सुमाराला शेवटची ऑर्डर. मधल्या वेळात मोठ्या शहरात काहीबाही मिळेल, खेड्यात नाही. शिवाय रविवारी संध्याकाळी आणि सोमवारी बऱ्याच खानावळी बंद. आपण सहलीचा बेत आखताना अंतरं आणि प्रेक्षणीय स्थळं मांडतो आणि जेवण वाटेत कुठेतरी बसवतो. इथे उलटं करावं लागतं. साडेबाराला आपण कोणत्या गावात असू, ते आधी ठरवायचं आणि सकाळ-दुपार त्याच्या दोन्ही बाजूंना लावायची. आधी पोटोबा मग विठोबा ही म्हण आपली असली, तरी ती मिनिटाच्या हिशेबानं पाळतात फ्रेंच लोक.

मोटार आणि जेवण यांचं नातं या देशात जुनंच आहे. क्लेर्मों-फेराँ गावच्या आंद्रे आणि एदुआर या मिशेलिन बंधूंचा धंदा टायरचा. लोक जितके हिंडतील तितके टायर झिजतील, हा साधा हिशेब. म्हणून 1900 साली त्यांनी मोटारवाल्यांसाठी एक लाल पुस्तिका फुकट वाटली. तिच्यात टायर कसा बदलावा, गॅरेज कुठे, पेट्रोल कुठे, मुक्काम कुठे, अशी माहिती होती. त्या वेळी अख्ख्या फ्रान्समध्ये तीन हजारही मोटारी नव्हत्या. 1926 पासून चांगल्या जेवणासाठी तारे आले आणि 1936 साली त्यांचे अर्थ छापले गेले: दोन तारे म्हणजे वाट वाकडी करण्याजोगं, तीन तारे म्हणजे मुद्दाम प्रवास करण्याजोगं. मोठमोठे आचारी ज्यांच्यासाठी झुरतात, त्या ताऱ्यांचं मूळ टायर खपवण्यात आहे! आम्ही ताऱ्यांच्या वाटेला गेलो नाही. फळ्यावर खडूनं लिहिलेला त्या दिवसाचा पदार्थ, म्हणजे 'प्ला द्यू झूर', आमच्या खिशाला आणि पोटाला पुरेसा होता.

मुक्कामासाठी आम्ही पेरिगोर भाग निवडला. फ्रान्सच्या नैर्ऋत्येचा, सार्ला गावाच्या आसपासचा. पॅरिसहून वेगवान रेल्वेनं दोन तासांच्या आसपास बोर्दो, तिथे भाड्याची गाडी घ्यायची आणि मग पूर्वेकडे अडीच तास. हॉटेल न घेता 'झीत' घेतलं. झीत म्हणजे खेड्यातलं स्वयंपाकघरासह भाड्यानं मिळणारं घर. ही घरं बहुतेक वेळा शनिवार ते शनिवार मिळतात आणि किल्ली दुपारी चारनंतर. यातली गोम अशी की दुसऱ्या दिवशी रविवार, आणि रविवारी दुपारनंतर दुकानं बंद. म्हणून शनिवारी घरी पोचण्याआधीच वाटेतल्या मोठ्या दुकानातून तांदूळ, भाजी, दूध, अंडी घेऊन ठेवायची. तिथे 'लांतीय कोराय' नावाचं पाकीट दिसलं की डोळे मिटून उचला, ती आपली मसुरीची डाळ आहे. घरून मसाले, चटण्या, चिवडा न्यायला हरकत नाही, मात्र युरोपबाहेरून येताना मांस आणि दुधाचे पदार्थ सामानात आणायला बंदी आहे. पेढे, तूप, खवा पुण्यातच राहू द्या.

एकाच घरी आठवडाभर राहण्याचा मोठा फायदा म्हणजे रोज बॅगा भरायच्या नाहीत. आणि या भागात त्याची गरजही नाही. सार्लापासून आदिमानवाच्या चित्रांच्या लास्को गुहेचं मोंतिन्याक पंचवीस किलोमीटर, लेझेझी वीस, दोम आणि ला रोक-गाझाक दहा-बारा. रोकामादूर लांब, तेही तासाभराच्या वाटेवर. दिवसाला एक गाव सकाळी, एक दुपारी. तिसरं बघायचा मोह झाला की पहिल्या दोघांचं काही आठवत नाही, हा स्वानुभव.

आता वार. आपल्याकडे जसा गावोगावचा आठवडी बाजार, तसाच तिथे. मंगळवारी ल ब्यूग, बुधवारी आणि शनिवारी सार्ला, गुरुवारी दोम, रविवारी सँ-सिप्रियाँ. बाजार सकाळी आठ-साडेआठला भरतो आणि साडेबाराला आवरायला लागतो, कारण विक्रेत्यांनाही जेवायचं असतं. आम्ही आठवड्याचा कागद केला आणि त्यावर आधी बाजार लिहिले, गुहा आणि किल्ले नंतर.

सार्लाचा बुधवारचा बाजार सगळ्यांत देखणा. मधाच्या रंगाच्या दगडाची मध्ययुगीन घरं, त्यांच्यामधल्या बोळांतून पसरलेले ठेले. 1962 साली मंत्री आंद्रे मालरो यांनी जुन्या वस्त्या राखण्याचा कायदा केला, त्याचा लाभ मिळालेल्या पहिल्या गावांपैकी हे एक. चौकाजवळ संत मेरीचं जुनं चर्च आहे. त्यात आता मंडई भरते. तिला झाँ नूव्हेल या वास्तुकारानं पोलादाचे दोन प्रचंड दरवाजे बसवले, जवळजवळ पाच मजली उंचीचे. तो लहानाचा मोठा याच गावात झाला. जिथे वेदी असायची तिथे चीज आणि बदकाचे डबे, हे दृश्य पहिल्यांदा जरा चमत्कारिक वाटतं. सप्टेंबर होता, त्यामुळे रानातली सेप अळंबी टोपल्यांतून आलेली, मातीचा वास अजून अंगावर. अक्रोड हे इथलं पीक. तेल, पीठ, केक, दारू, सगळं अक्रोडाचं. एका आजोबांच्या ठेल्यावर नणंदेनं अक्रोड दाखवून नुसतंच "हाऊ मच?" विचारलं. ते गप्प. मी "बाँझूर मस्यू" म्हटल्याबरोबर चेहरा खुलला, दोन अक्रोड फोडून हातावर ठेवले. तिथे दुकानात शिरताना नमस्कार न करणं म्हणजे उद्धटपणा. आधी बाँझूर, मग भाव.

आता नाजूक विषय. पेरिगोर हा बदकांचा आणि हंसांचा मुलूख. फुआ ग्रा म्हणजे बळेच खाऊ घालून वाढवलेलं यकृत, ते इथलंच वैभव. बदकाच्या तंगड्या बदकाच्याच चरबीत मंद शिजवतात, त्याचं नाव कोंफी. माझ्या नवऱ्यानं आठवडाभर दुसरं काही खाल्लं नाही. नणंद मात्र शुद्ध शाकाहारी. सार्लात तिच्यापुढे बटाटे आले, 'पोम सार्लादेझ'. पातळ चकत्या, कडा कुरकुरीत, वर लसूण आणि बारीक चिरलेली कोथिंबिरीसारखी पार्सली. थेट आपल्या काचऱ्या! तिनं पहिला घास घेतला, डोळे मिटले आणि म्हणाली, "वहिनी, कसलं तेल वापरतात गं हे?" मी वेटरला विचारलं. "ग्रेस द कानार," तो अभिमानानं म्हणाला. बदकाची चरबी. नणंदेनं काटा खाली ठेवला आणि ताट सरळ भावोजींपुढे सरकवलं.

म्हणून शाकाहाऱ्यांनी फक्त "व्हेजेतारियाँ" म्हणून थांबू नये. साँ व्हियांद, साँ प्वासों, साँ लार्दों, साँ ग्रेस द कानार: मांस नको, मासा नको, डुकराच्या मांसाचे तुकडे नकोत, बदकाची चरबी नको. लार्दों हे खास लक्षात ठेवा, सॅलडमध्ये आणि कीशमध्ये ते गुपचूप असतात आणि पुष्कळांना ते मांसात धरायचं सुचतही नाही. 'सालाद पेरिगूर्दीन'मध्ये बदकाच्या जठराचे तुकडे असतात, ते टाळा. 'सालाद द शेव्र शो' मागवा: पालेभाजीवर भाजलेलं शेळीच्या दुधाचं चीज, अक्रोड, मध. जे फारच कडक पाळतात त्यांच्यासाठी सांगते, तिथल्या पारंपरिक चीजमध्ये वासराच्या जठरातलं विरजण असतं. अंडं चालत असेल तर सेप अळंब्यांचं ऑम्लेट. ते खाण्यासाठी मी पुन्हा विमानभाडं भरीन.

खानावळीत दोन शब्द घोटाळ्यात टाकतात. तिथे 'मेन्यू' म्हणजे ठरलेल्या किमतीचं दोन-तीन पदार्थांचं जेवण. आपण ज्याला मेन्यू म्हणतो तो 'कार्त'. आणि 'आंत्रे' म्हणजे मुख्य पदार्थ नव्हे, सुरुवातीचा. दुपारचं ठरलेलं जेवण साध्या ठिकाणी साधारण 15 ते 25 युरोत होतं, तेच रात्री महाग. तेव्हा दुपारी बाहेर आणि रात्री घरी मसुरीची आमटी-भात, ही आमची वाटणी. पाव जेवणाबरोबर येतोच. पाण्याची बाटली विकत घ्यायची नसेल तर "ऊन काराफ दो" म्हणा, नळाचं चांगलं पाणी सुरईतून फुकट येतं. सेवेचा आकार बिलातच असतो, टीप द्यायलाच हवी असं नाही.

गाडीचं आता थोडक्यात. चालक डावीकडे बसतो, गाडी उजवीकडून चालते. याची सवय अर्ध्या दिवसात होते. सवय होत नाही ती उजवीकडून येणाऱ्याच्या हक्काची. जिथे खूण किंवा रेषा नाही, तिथे उजवीकडच्या बारक्या गल्लीतून येणाऱ्या गाडीला आधी जाऊ द्यायचं, आपण मोठ्या रस्त्यावर असलो तरी. रस्त्यावर पिवळा चौकट-इक्का दिसला की समजायचं, हक्क आपला. त्यावर काळी रेघ आली की संपला. गावाच्या नावाची पाटी हीच 50 ची वेगमर्यादा, नावावर लाल तिरकी रेघ म्हणजे गाव संपलं. दोन पदरी साध्या रस्त्यांवर 2018 पासून 80, काही जिल्ह्यांनी काही रस्ते पुन्हा 90 केलेत, पाटी बघून चालवा. गोल चौकात आतल्या गाडीला आधी. बाहेर कुठे पडायचं ते कळलं नाही तर आणखी एक प्रदक्षिणा घालावी. आम्ही एकदा तीन घातल्या. पंपावर 'गाझोल' म्हणजे डिझेल, गॅसोलीन नव्हे! रविवारी पंपावर माणूस नसतो, यंत्रात कार्ड चालतं, पिन पाठ हवा.

सगळ्यांत जमलेला दिवस गुरुवारचा. साडेआठला निघालो आणि दोमला पोचलो. कड्यावरचं हे तटबंदीचं गाव फ्रान्सच्या राजा तिसऱ्या फिलिपनं 1281 साली वसवलं. बाजारात पाव, शेळीच्या चीजच्या छोट्या चकत्या, टोमॅटो आणि अंजिरं घेतली. कड्यावरून नदीचं वळण आणि मक्याची शेतं बघितली. खाली उतरून ला रोक-गाझाकला साडेबाराला नदीकाठच्या बाकावर पाव फोडला. समोर चपट्या तळाच्या होड्या. पूर्वी त्यांतून लाकूड आणि दारू खालच्या बंदरांकडे जायची. दोन वाजता, सगळा गाव जेवून सुस्त असताना, कास्तेलनोचा किल्ला चढलो. नदीपलीकडे बेनाकचा किल्ला दिसतो. शंभर वर्षांच्या युद्धात हा इंग्रजांकडे, तो फ्रेंचांकडे, आणि मध्ये एवढीशी नदी. संध्याकाळी सहाला घरी.

लास्कोसाठी मात्र ठरलेल्या वेळेचं तिकीट आधीच काढावं लागतं. 12 सप्टेंबर 1940 रोजी चार मुलांना ही गुहा सापडली. पुढे प्रेक्षकांच्या श्वासांनी भिंतींवर शेवाळ धरायला लागलं आणि 1963 साली मूळ गुहा बंद झाली. 2016 अखेरपासून डोंगराच्या पायथ्याशी तिची संपूर्ण प्रतिकृती आहे. प्रतिकृती म्हणून नाक मुरडू नका. बैलांच्या दालनात आमच्या बडबड्या भावोजींनी दहा मिनिटं तोंड उघडलं नाही. अस्सल रंगीत चित्रंच बघायची असतील तर लेझेझीजवळची फों-द-गोम. तिथे रोज मोजक्याच माणसांना सोडतात. आणि गुहेत सप्टेंबरातही स्वेटर लागतो. वेळ निवडताना अकराचं तिकीट घेऊ नका, बाहेर येईपर्यंत साडेबारा टळतात. साडेनऊचं घ्या किंवा दुपारी अडीचचं.

आता निघण्याआधीची तयारी. तिथे गाडी चालवायला लागणारा आंतरराष्ट्रीय चालक परवाना आपल्या आरटीओतच मिळतो. शुल्क 1000 रुपये, मुदत एक वर्ष, आणि अर्जाबरोबर पासपोर्ट-व्हिसा लागतो. त्यामुळे व्हिसा हातात आल्यावर लगेच जा. गाडी ऑटोमॅटिक हवी असेल तर खूप आधी सांगा, तिथे हातानं गिअर टाकायच्याच गाड्या पुष्कळ. आणि विमान शुक्रवारी पोचणारं घ्या. म्हणजे शनिवारी सकाळी वाटेतल्या बाजारात भाजी घेता येते, बाराला कुठेतरी जेवता येतं आणि चारला किल्ली मिळते.