विश्लेषण : घरातली साधी सर्दी सीओपीडीच्या रुग्णाला ऑक्सिजनवर का नेते?

तुळजापूरची नवरात्र आणि अश्विनी पौर्णिमेची यात्रा आटोपली की धाराशिव जिल्ह्यात पहाटेचा गारवा सुरू होतो. याच सुमारास घरोघरी सर्दी-खोकला फिरतो. नातू चार दिवसांत खेळायला लागतो. त्याच घरातल्या आजीला मात्र आठवडाभरात धाप लागते आणि रुग्णालय गाठावे लागते. ‘थंडीने दमा उठला’ असे घरचे म्हणतात. अनेकदा मूळ कारण नातवाकडून आलेला विषाणू असतो.

दमा आणि सीओपीडी एकच का?

नाही. दम्यात आकुंचन पावलेल्या श्वासनलिका उपचारांनी बऱ्याच अंशी पूर्ववत होतात. सीओपीडीत त्या कायमच्या अरुंद झालेल्या असतात. ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’मधील अंदाजानुसार २०१६ मध्ये देशात असे सुमारे साडेपाच कोटी रुग्ण होते. त्यात फक्त बिडी ओढणारे नाहीत. पुण्याचे डॉ. संदीप साळवी आणि लंडनचे प्रा. पीटर बार्न्स यांनी २००९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये मांडले, की २५ ते ४५ टक्के रुग्णांनी कधीच धूम्रपान केलेले नसते. तुराट्या आणि गोवऱ्यांच्या चुलीपुढे आयुष्य काढलेल्या बायका, लाकडावरच्या खवा भट्टीशी राबणारी माणसे यांच्या फुप्फुसांत तोच धूर जातो. आता घरात सिलिंडर आला, तरी आधी झालेले नुकसान भरून येत नाही.

विषाणू आत जाऊन काय करतो?

आजार अचानक बळावण्यामागे सर्वाधिक आढळणारा विषाणू म्हणजे सर्दीचा राइनोव्हायरस. इन्फ्लुएंझा, आरएसव्ही आणि करोना विषाणूही त्यात आहेत. जानेवारी २०२५ मध्ये ज्याच्या नावाने मोबाइलवर घबराट पसरली, तो एचएमपीव्हीही याच यादीतला. तो तर २००१ मध्येच नेदरलँड्समध्ये ओळखला गेला होता.

विषाणूमुळे नलिकेच्या आतल्या अस्तराला सूज येते, कफ वाढतो. ठिबकच्या नळीत क्षार साचल्यावर पाण्याचे जे होते, तेच इथे हवेचे होते. इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षातले सूत्र सांगते, की नळीची त्रिज्या निम्मी झाली तर प्रवाहाला होणारा अडथळा १६ पट वाढतो. फुप्फुसाचे गणित इतके नेटके नसते, पण मुळात अरुंद नलिकेत थोडी सूजही का भारी पडते, ते यातून कळते. आत घेतलेली हवा पूर्ण बाहेर पडत नाही, ती साचत जाते. त्यात साचलेल्या कफात जिवाणूंचा संसर्ग झाला तर कफ पिवळा-हिरवा होतो.

घरचे नेमके कुठे चुकतात?

पहिली चूक वाट पाहण्याची. नेहमीपेक्षा जास्त धाप, वाढलेला कफ किंवा कफाचा बदललेला रंग दिसला, की त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. वाक्य पूर्ण बोलता येत नसेल, ओठ निळसर पडले किंवा गुंगी आली, तर थेट १०८. दुसरी चूक मनाने प्रतिजैविके घेण्याची. ती विषाणूवर चालत नाहीत. ‘पंपाची सवय लागते’ म्हणून पंप बंद करणे ही तिसरी.

चौथी चूक करोनाकाळाची देणगी आहे. ऑक्सिमीटरवर ९४ च्या खाली आकडा दिसला की घाबरायचे, हे तेव्हा सर्वांच्या डोक्यात बसले. सीओपीडीच्या झटक्यात ऑक्सिजन देताना डॉक्टर सहसा ८८ ते ९२ टक्के एवढेच लक्ष्य ठेवतात. जास्त ऑक्सिजनने काही रुग्णांच्या रक्तात कार्बन डायऑक्साइड साचतो आणि गुंगी येते. त्यामुळे घरी कॉन्सन्ट्रेटर असला, तरी त्याचा प्रवाह स्वतःहून वाढवू नये.

रुग्ण पूर्ववत होतो का?

लंडनमधील रुग्णांच्या २००० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ३५ दिवसांनंतरही जवळपास चौथ्या हिश्श्याच्या झटक्यांत श्वासाची क्षमता पूर्वपदावर आली नव्हती. शिवाय एकदा झटका आला की पुढचा येण्याची शक्यता वाढते.

लस आहे का?

फ्लूची आहे, पण ती दरवर्षी घ्यावी लागते, कारण विषाणू बदलतो. आपल्याकडे फ्लूचे दोन हंगाम असतात : जानेवारी ते मार्च आणि पावसाळ्याच्या अखेरीस. त्याआधी ती घेतलेली बरी. न्यूमोनियाच्या लशीबाबतही डॉक्टरांना विचारावे. राइनोव्हायरसवर मात्र लस नाही. त्यासाठी नातवाची सर्दी जाईपर्यंत आजीचे अंथरूण वेगळ्या खोलीत, घरात मास्क आणि हात धुणे, एवढेच हाताशी आहे.