उपग्रहाचा हिरवा रंग आणि कापसाचा बयाणा

कापडाच्या जोडीला आम्ही थोडा कापूसही घेतो. दोन हंगामांपूर्वी एक दलाल गारखेड्यात आमच्याकडे आले आणि पैठणकडील एका शेताचा उपग्रहाने काढलेला फोटो त्यांनी पुढे ठेवला. शेत गर्द हिरवे. आम्ही खूश होऊन बयाणा दिला. वेचणीच्या वेळी जाऊन पाहतो तर निम्म्या रानात तूर! रक्कम सुटता सुटता वर्ष गेले. मग हा हिरवा रंग येतो कुठून, याची आम्ही चौकशी केली. जे कळले ते व्यापारी बंधूंच्या उपयोगाचे आहे.

उपग्रह प्रकाशाची एकेक पट्टी वेगळी टिपतो. इस्रोचा १९८८ सालचा आयआरएस-१ए निळी पट्टीही टिपत असे. निळा प्रकाश हवेत फार विखुरतो, चित्र धुरकट येते. डिसेंबर १९९५ मध्ये सोडलेल्या आयआरएस-१सी मध्ये निळी पट्टी नव्हती. २०११ साली गेलेल्या रिसोर्ससॅट-२ च्या लिस-४ कॅमेऱ्यालाही तीनच पट्ट्या: हिरवी, तांबडी आणि डोळ्याला न दिसणारी अवरक्त.

पिकाची खरी खबर या तिसऱ्या पट्टीत असते. ताजे पान अवरक्त प्रकाश भरपूर परत फेकते, सुकलेले कमी. जाणकार लोक चित्रात या पट्टीला लाल रंग देतात, त्यामुळे जोमदार पीक लालभडक दिसते. आमच्यासारख्याला वाटावे, रान पेटले! गिऱ्हाइकाला असा फोटो पटत नाही, म्हणून नैसर्गिक दिसणारी प्रत हिशेबाने बनवतात. फ्रान्सच्या स्पॉट उपग्रहालाही निळी पट्टी नव्हती. त्याच्या चित्रांसाठी हिरव्या पट्टीचे तीन भाग आणि अवरक्ताचा एक भाग मिसळून नवा हिरवा करीत. निळ्यासाठी त्याच तीन भागांतून अवरक्ताचा एक भाग वजा करीत. रंगरेजाने दोन टाक्यांतून तिसरी छटा काढावी, तसाच प्रकार.

दुसरी जोडणी बारकाव्याची. लिस-४ चे रंगीत चित्र ५.८ मीटरचे, तर २००५ साली सोडलेल्या कार्टोसॅट-१ चे काळेपांढरे चित्र अडीच मीटरचे. एकाचा रंग आणि दुसऱ्याची रेघ एकावर एक बसवतात. आपल्या हिमरूत सुताचा ताणा आणि रेशमाचा बाणा मिळून एक कापड होते, तसे. मात्र दोन्ही चित्रे वेगवेगळ्या दिवसांची असली तर मधल्या काळात नांगरलेले शेतही हिरवे दिसू शकते.

ट्यूबलाइटखाली जुळलेली छटा उन्हात निराळी निघते, म्हणून आपण थान दुकानाबाहेर नेऊन पाहतो. इथेही तेच. हिरव्या प्रतीबरोबर लाल प्रत मागावी, फोटोची तारीख विचारावी आणि निदान तीन तारखांची चित्रे पाहावीत. कापूस आणि तूर एका दिवशी सारखे दिसतात, महिन्यांच्या फरकाने वेगळे पडतात. पावसाळ्यात ढगांमुळे चित्रे कमी मिळतात, ही अडचण आहेच. सरकारी पीक अंदाजातही उपग्रहाच्या चित्रांबरोबर रानात जाऊन केलेली पाहणी धरतात.

तेच दलाल यंदा पुन्हा आले. आम्ही त्यांना चहा पाजला, लाल प्रत मागितली आणि शेत पाहायला जुम्म्यानंतरचा दिवस ठरवला.